प्रायमर निवडताना: ३′ टोक सांभाळा, ५′ टोक वापरा

पीसीआर (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती काढायची पद्धत) फसली की संशय आधी टेम्प्लेटवर (ज्याची प्रत काढायची तो डीएनए) जातो, मग पॉलिमरेजवर (प्रत काढणारं एन्झाइम), मग मशीनवर. प्रायमरची, म्हणजे प्रत जिथून सुरू होते त्या आखूड डीएनए-तुकड्यांची, पाळी सगळ्यात शेवटी येते, कारण ते मागवून, पैसे भरून आपण मोकळे झालेलो असतो. शोध उलट्या क्रमाने घेतला तर बराच वेळ वाचतो.

प्रायमरच्या आखणीत मुळाशी एकच गोष्ट आहे. पॉलिमरेज नवा बेस (ए, टी, जी, सी यांपैकी एक अक्षर) जोडतं तो फक्त प्रायमरच्या ३′ टोकाला, म्हणजे धाग्याच्या शेवटाला; सुरुवातीचं टोक ते ५′. त्यामुळे ते टोक टेम्प्लेटवर बरोबर जागी आणि नीट बसलंच पाहिजे. ५′ टोकाला मात्र काहीही लोंबत असलं तरी पॉलिमरेजची तक्रार नसते. रिअल-टाइम (प्रमाण मोजणं), क्लोनिंग, एसएनपी (एका बेसचा फरक), बारकोडिंग (जीवाची ओळख) या सगळ्या प्रकारांत याच दोन टोकांचा वेगवेगळा उपयोग करून घेतलेला असतो. म्हणून सॉफ्टवेअर उघडण्याआधी प्रयोगाचा प्रश्न एका वाक्यात लिहून काढा: तुकडा आहे की नाही हे बघायचंय, किती आहे हे मोजायचंय, कापून प्लाझमिडमध्ये (जिवाणूतला गोल डीएनए) घालायचाय, की एका बेसचा फरक ओळखायचाय? प्रायमर त्यावरून ठरतो.

साध्या पीसीआरचे आकडे

लांबी १८ ते २५ बेस. हा आकडा हवेतून आलेला नाही. चार अक्षरांतून १६ बेसचे सुमारे ४२९ कोटी वेगवेगळे सीक्वेन्स बनतात आणि मानवी जीनोम साधारण ३१० कोटी बेसजोड्यांचा आहे. म्हणजे १६ बेसचा प्रायमर योगायोगाने भलतीकडे सापडण्याची शक्यता खरीखुरी असते. १८ बेसला हीच संख्या ६,८७० कोटींवर जाते. अर्थात जीनोममध्ये पुनरावृत्ती भरपूर असल्याने नुसत्या गणितावर विसंबून चालत नाही, ब्लास्ट (डेटाबेसमध्ये जुळणी शोधणारं साधन) करावंच लागतं.

जीसी (जी आणि सी बेसचं प्रमाण) ४० ते ६० टक्के, दोन्ही प्रायमरचा टीएम (अर्धे रेणू टेम्प्लेटपासून सुटतात ते तापमान) ५८ ते ६२ अंश सेल्सिअस आणि दोघांत २-३ अंशांपेक्षा जास्त फरक नाही, इथून सुरुवात करा. एकच बेस सलग चारपेक्षा जास्त वेळा येऊ देऊ नका, एटीएटीएटी असली रांगही टाळा. अशा जागी प्रायमर एक-दोन बेस सरकून बसतो.

टीएम कशावरून काढला हे महत्त्वाचं. ए-टीला २ आणि जी-सीला ४ अंश धरायचा जुना नियम खूप आखूड ऑलिगोसाठी (कृत्रिम डीएनए-तुकड्यांसाठी) आहे, २०-२२ बेसच्या प्रायमरला तो अंदाजापुरताच. आजची साधनं शेजारच्या बेसच्या जोड्यांवरून, मिठाचं आणि प्रायमरचं प्रमाण धरून टीएम काढतात. ही प्रमाणं प्रत्येक साधनात वेगळी भरलेली असल्याने एकाच प्रायमरचा टीएम दोन वेबसाइटवर चार-पाच अंशांनी वेगळा येऊ शकतो. दोन्ही प्रायमर एकाच साधनात, एकाच सेटिंगवर तपासा. साध्या टॅक पॉलिमरेजसाठी कमी असलेल्या टीएमच्या ५ अंश खाली, प्रायमर टेम्प्लेटवर बसवायची पायरी म्हणजेच अ‍ॅनिलिंग सुरू करा. फ्युजन किंवा क्यू५ सारख्या प्रूफरीडिंग (चुका दुरुस्त करणाऱ्या) पॉलिमरेजचा बफर वेगळा असतो, तिथे हे तापमान टीएमच्या वर, साधारण ३ अंशांपर्यंत जातं. टॅकची सवय तिथे लावली की जेलवर (तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणारा थर) नको ते बँड (पट्टे) येतात. अशा वेळी त्या एन्झाइमच्या कंपनीचाच कॅल्क्युलेटर वापरावा.

आता ३′ टोक. शेवटचा बेस जी किंवा सी असलेला बरा. शेवटच्या पाचांत दोन-तीन जी-सी पुरेत, चार-पाच असतील तर टोक इतकं चिकट होतं की उरलेला प्रायमर जुळत नसला तरी ते कुठेही जाऊन बसतं. शेवटी टी असेल तर जोडी चुकलेली असतानाही पॉलिमरेज तुलनेने सहज पुढे सरकतं, म्हणून पर्याय असेल तर टी टाळा. डायमर (प्रायमर एकमेकांना चिकटून झालेली जोडी) बघतानाही हीच नजर हवी. साधन डायमरची ऊर्जा डेल्टा-जी म्हणून दाखवतं. ती उणे ९ किलोकॅलरीपेक्षा जास्त ऋण असेल तर प्रायमर बदला. पण उणे ६ चाच डायमर असला आणि त्यात एका प्रायमरचं ३′ टोक दुसऱ्यावर बसत असेल, तर तो जास्त घातक. पॉलिमरेज त्याला लांबवतं आणि प्रत्येक फेरीत त्याची प्रत काढतं.

नवशिक्यांची सगळ्यात महागडी चूक रिव्हर्स प्रायमरची. डेटाबेसमधला सीक्वेन्स वरच्या धाग्याचा, ५′ ते ३′ असा लिहिलेला असतो. फॉरवर्ड प्रायमर त्यातून जसाच्या तसा उचलायचा. रिव्हर्ससाठी शेवटचा तुकडा उलटा वाचून प्रत्येक बेसचा जोडीदार लिहायचा. तुकडा एटीजीजीसीटीसीए असेल तर प्रायमर टीजीएजीसीसीएटी. नुसते जोडीदार लिहून उलटवायचं राहिलं, किंवा उलटवलं पण जोडीदार लिहायचे राहिले, तर तो प्रायमर कुठल्याही तापमानाला चालणार नाही.

प्रायमर-ब्लास्टवर क्रमाने

१. एनसीबीआयच्या (अमेरिकेतली सीक्वेन्स डेटाबेस सांभाळणारी संस्था) प्रायमर-ब्लास्टमध्ये फास्टा (नुसता मजकूर) सीक्वेन्सऐवजी शक्यतो अ‍ॅक्सेशन क्रमांक (डेटाबेसमधल्या नोंदीचा) द्या. एक्सॉन (जनुकातले आरएनएत टिकणारे भाग) कुठे आहेत हे मग त्याला आपोआप कळतं.

२. तुकड्याची लांबी प्रयोगाप्रमाणे भरा: साध्या जेलसाठी २०० ते ८००, रिअल-टाइमसाठी ७० ते १५०.

३. जीवाचं नाव भरा. हे रिकामं किंवा चुकीचं राहिलं तर पुढची सगळी तपासणी फुकट.

४. नको असलेल्या जागांशी किती बेस जुळू नयेत, ही अट मूळ सेटिंगमध्ये एकूण किमान दोन, आणि तेही ३′ टोकाच्या शेवटच्या पाचांतले, अशी असते. एकाच कुटुंबातल्या जनुकांतून एक वेगळं काढायचं असेल तर ती वाढवा.

५. मिळालेल्या जोड्यांतली पहिली जोडी डोळे मिटून घेऊ नका. ३′ टोकं, एकमेकांत होणारे डायमर आणि प्रायमरच्या जागेवरचे माहीत असलेले एसएनपी स्वतः बघा.

रिअल-टाइम पीसीआर

इथे तुकडा लहान हवा, कारण प्रत्येक फेरीत दुप्पट होण्याची खात्री हवी. १०० बेसजोड्यांच्या आसपास ठेवा. जनुकाची अभिव्यक्ती मोजताना सीडीएनएबरोबर (आरएनएवरून बनवलेला डीएनए) जीनोमिक डीएनए थोडा तरी येतोच. त्यावर दोन उपाय: फॉरवर्ड आणि रिव्हर्स वेगवेगळ्या एक्सॉनवर ठेवून मध्ये मोठा इन्ट्रॉन (आरएनएतून कापला जाणारा भाग) येऊ द्यायचा, किंवा एक प्रायमर थेट एक्सॉन-एक्सॉन सांध्यावर बसवायचा. सांध्यावर बसवताना ३′ कडचे फक्त चार ते सहा बेस पुढच्या एक्सॉनमध्ये जाऊ द्या. दहा-बारा गेले तर तेवढं टोक जीनोमिक डीएनएवर एकटंच बसतं आणि सांध्याचा उपयोग राहत नाही.

तुलनेसाठी नेहमी घेतल्या जाणाऱ्या जीएपीडीएच आणि बीटा-अ‍ॅक्टिनच्या बाबतीत हाही उपाय अपुरा पडतो. या दोघांचे प्रक्रिया झालेले छद्मजनुक (आरएनएवरून परत जीनोममध्ये शिरलेल्या निकामी प्रती) मानवी जीनोममध्ये पुष्कळ आहेत. त्यांत इन्ट्रॉन नसतात, म्हणून जीनोमिक डीएनएतूनही अगदी सीडीएनएएवढाच तुकडा येतो. तिथे डीएनएज (डीएनए तोडणारं एन्झाइम) आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (सीडीएनए बनवणारं एन्झाइम) न घातलेली नळी, दोन्ही हव्यातच.

प्रायमर आले की नमुन्याला लावण्याआधी सीडीएनएची दहापट विरलीकरणाची पाच नळ्यांची मालिका लावा. सीटी (संकेत दिसू लागतो ती फेरी) विरुद्ध प्रमाणाचा लॉग या रेषेचा उतार उणे ३.३२ आला तर कार्यक्षमता १०० टक्के. उणे ३.६ ते ३.१, म्हणजे सुमारे ९० ते ११० टक्के, चालतं. ११० च्या वर गेली म्हणून खूश होऊ नका. बहुतेकदा त्याचा अर्थ सर्वांत घट्ट नळीत इन्हिबिटर (प्रक्रिया अडवणारा पदार्थ) आहे किंवा विरळ नळ्यांत डायमर मोजला जातोय असा असतो. सायबर ग्रीन हा रंग कुठल्याही दुहेरी धाग्याला चिकटतो, त्यामुळे मेल्ट कर्व्हवर (तापवताना धागे सुटण्याचा आलेख) एकच शिखर हवं. ७५ अंशांच्या आसपास बुटका उंचवटा दिसला तर तो डायमर आहे का, हे टेम्प्लेट नसलेल्या नळीशी ताडून बघा.

टॅकमॅन प्रोब (दोन प्रायमरच्या मध्ये बसणारा, रंग लावलेला तुकडा) वापरणार असाल तर प्रोबचा टीएम प्रायमरपेक्षा ८ ते १० अंश जास्त ठेवा, म्हणजे पॉलिमरेज यायच्या आत प्रोब बसलेला असेल. प्रोबच्या ५′ टोकाला जी नको, तो फॅम रंगाची चमक दाबतो.

ओळख पटवणारे सार्वत्रिक प्रायमर

जिवाणूचा १६एस, बुरशीचा आयटीएस, प्राण्यांचा सीओआय या ओळख पटवणाऱ्या डीएनए-भागांसाठी नवे प्रायमर आखायच्या फंदात पडू नका. २७एफ आणि १४९२आर ही जोडी जवळजवळ पूर्ण १६एस देते, सुमारे १,४६५ बेसजोड्या. सँगर सीक्वेन्सिंगने दोन्हीकडून वाचून जोडायला ती उत्तम. मातीतला किंवा आतड्यातला मिश्र समुदाय इल्युमिना सीक्वेन्सिंग मशीनवर वाचायचा असेल तर १६एसच्या व्ही४ भागासाठी ५१५एफ आणि ८०६आर घ्या, आणि मशीनचे अ‍ॅडॅप्टर त्यांच्या ५′ टोकाला जोडून मागवा. हे मोकळ्या टोकाचं पहिलं उदाहरण.

ही जोडी पानांच्या किंवा मुळांच्या नमुन्याला लावली तर वाचनातला मोठा वाटा क्लोरोप्लास्टचा येतो, कारण त्याचा १६एस जिवाणूचाच वारसा आहे. क्लोरोप्लास्ट टाळण्यासाठी ७९९एफ आखलेला आहे, वनस्पतीतल्या जिवाणूंसाठी तो वापरा. आणखी एक: टॅक जिवाणूत बनवलेलं असल्याने त्याच्यासोबत जिवाणूचा डीएनए थोडा येतो. १६एसमध्ये टेम्प्लेट नसलेल्या नळीत ३५ फेऱ्यांनंतर पुसट बँड दिसतो तो अनेकदा इथला. फेऱ्या २५ ते ३० वर थांबवा.

फोल्मर व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दिलेले एलसीओ१४९० आणि एचसीओ२१९८ हे सीओआयचे प्रायमर नियमांच्या पुस्तकाला वाकुल्या दाखवतात. एलसीओ१४९० मध्ये २५ पैकी फक्त ८ बेस जी-सी आहेत, म्हणजे ३२ टक्के. तरी जगभरचे लोक कीटकांपासून गोगलगायींपर्यंत तो वापरतात, कारण मायटोकॉन्ड्रियाचा तो भाग मुळातच ए-टीने भरलेला आहे आणि तिथे टिकून राहिलेली जागा तेवढीच. अ‍ॅनिलिंग ४५ ते ५० अंशांवर घ्यावं लागतं. नियम पाळण्यासाठी जागा बदलायची नसते. जागा ठरलेली असेल तर तापमान बदलायचं.

डिजनरेट प्रायमर

जनुकाचा सीक्वेन्स माहीत नाही, पण नातलग जीवांतल्या प्रथिनांचा आहे, अशा वेळी अमिनो आम्लांवरून डिजनरेट, म्हणजे अनेक सीक्वेन्सचं मिश्रण असलेले, प्रायमर आखतात. ट्रिप्टोफॅन आणि मेथिओनिनला एकेकच कोडॉन (तीन बेसचा संकेत), म्हणून ते असलेली जागा सोन्यासारखी. ल्युसिन, सेरिन, आर्जिनिनला प्रत्येकी सहा. हे तिघं शेजारी आले तर २१६ प्रकारांचं मिश्रण होतं आणि कामाचा प्रायमर त्यात हरवतो. ट्रिप्टोफॅन, अ‍ॅस्पार्टेट, मेथिओनिन, अ‍ॅस्पराजिन, फेनिलअलानिन, हिस्टिडिन असा सलग तुकडा मिळाला तर शेवटचा डळमळीत बेस सोडून १७ बेसचा प्रायमर फक्त आठ प्रकारांत बसतो. ३′ कडच्या शेवटच्या दोन बेसांत तरी डिजनरसी येऊ देऊ नका. प्रायमरचं प्रमाण नेहमीच्या ०.२ ऐवजी १ मायक्रोमोलरपर्यंत वाढवा, कारण त्यातला थोडाच भाग कामाला येतो. इनोसिन (अनेक बेसशी जुळणारा बेस) घातला असेल तर साधं टॅक वापरा. फ्युजनसारखी प्रूफरीडिंग पॉलिमरेज इनोसिनवर अडतात.

क्लोनिंग

५′ टोक मोकळं असल्याचा खरा फायदा इथे. प्रायमरची रचना ५′ कडून अशी: सहा फुकट बेस, मग रिस्ट्रिक्शन साइट (एन्झाइम जिथे कापतं ती जागा), मग जनुकाला जुळणारे १८ ते २२ बेस. फुकट बेस यासाठी, की एन्झाइमला तुकड्याच्या अगदी काठावर पकड मिळत नाही. हे विसरलं की पीसीआर झकास होते, जेलवर बँड सुंदर दिसतो, लिगेशन (तुकडा प्लाझमिडला जोडणं) मात्र शून्य.

टीएम फक्त जुळणाऱ्या भागाचा काढा. पहिल्या पाच फेऱ्या त्या तापमानाला, नंतरच्या पूर्ण प्रायमरच्या टीएमनुसार वर. कारण पाच फेऱ्यांनंतर टेम्प्लेटमध्येही साइट आलेली असते. निवडलेली साइट जनुकाच्या आत कुठे नाही ना, हे ऑर्डरआधी तपासा. पीईटी-२८ए प्लाझमिडमध्ये एनडीई-वन आणि एक्सएचओ-वन या साइट घेऊन मागच्या टोकाला हिस-टॅग (प्रथिन शुद्ध करण्यासाठीची शेपटी) हवा असेल तर रिव्हर्स प्रायमरमधून स्टॉप कोडॉन काढा आणि फ्रेम कागदावर तीन-तीन अक्षरांनी मोजा. पुढचाच टॅग पुरेसा असेल तर स्टॉप ठेवा. टोकं जुळवून तुकडे जोडायच्या गिब्सन पद्धतीत साइटऐवजी शेजारच्या तुकड्याशी जुळणारे २० ते ४० बेस ५′ ला जोडायचे.

कॉलनी पीसीआरला (जिवाणूच्या वसाहतीची थेट तपासणी) एक प्रायमर व्हेक्टरवरचा (प्लाझमिडवरचा) आणि एक इन्सर्टमधला (घातलेल्या तुकड्यातला) घ्या. दोन्ही इन्सर्टमधले घेतले तर प्लेटवर पडलेला, न जुळलेला तुकडाही बँड देतो. शिवाय दिशा कळत नाही.

एका बेसचा फरक: सिकलसेलचं उदाहरण

गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत सिकलसेल हा रोजचा प्रश्न आहे. बीटा-ग्लोबिनच्या सहाव्या कोडॉनमध्ये जीएजीचं जीटीजी होतं, एवढाच फरक. आर्म्स पीसीआरमध्ये प्रायमरचा शेवटचा बेस नेमका त्या जागेवर ठेवतात: सामान्य प्रायमर सीसीटीजीए वर संपतो, सिकलचा सीसीटीजीटी वर. टोक जुळलं तर तुकडा बनतो, नाही तर नाही.

प्रत्यक्षात एका बेसच्या विसंगतीवर टॅक कधीकधी पुढे जातं. म्हणून शेवटून दुसऱ्या किंवा तिसऱ्या जागी मुद्दाम आणखी एक विसंगती घालतात. टोकाची विसंगती जबर असेल, जसं जी-ए किंवा सी-टी, तर दुसरी सौम्य घाला. टोकाची सौम्य असेल, जसं सी-ए किंवा जी-टी, तर दुसरी जबर. सिकलमध्ये टोकाला ए समोर ए किंवा टी समोर टी येतो, म्हणजे मध्यम. दुसरीही मध्यम घ्या. शेवटून तिसऱ्या टीच्या जागी ए घालून सीसीएजीए हा एक पर्याय.

खरी मेख पुढे आहे. शेजारच्या डेल्टा-ग्लोबिनचं प्रथिन पहिल्या आठ अमिनो आम्लांपर्यंत बीटाशी तंतोतंत सारखं आहे आणि तिथे सहाव्या जागी नेहमीच सामान्य बेस असतो. सामायिक रिव्हर्स प्रायमर दोन्ही जनुकांवर बसला तर सिकलच्या रुग्णालाही सामान्य बँड येईल आणि तो वाहक म्हणून नोंदला जाईल. रिव्हर्स प्रायमरचं ३′ टोक बीटा आणि डेल्टा वेगळे आहेत अशाच जागी ठेवा. प्रूफरीडिंग पॉलिमरेज इथे पूर्ण वर्ज्य, ते न जुळणारं टोक कुरतडून दुरुस्त करतं. प्रत्येक नळीत दुसऱ्या जनुकाचा नियंत्रण-तुकडा हवा, नाही तर ‘बँड नाही’ म्हणजे जनुकाचा तो प्रकार, अर्थात अ‍ॅलील नाही की पीसीआरच झाली नाही, हे सांगता येत नाही. आधी माहीत असलेले तिन्ही नमुने, सामान्य, वाहक आणि रुग्ण, लावून तापमान पक्कं करा. उलटतपासणीला डीडीई-वन एन्झाइम आहेच. सिकलच्या बदलाने त्याची साइट नाहीशी होते.

रोगजंतू शोधताना

टिकाऊ जागा निवडा आणि एकाच जागेवर भिस्त ठेवू नका. क्षयाच्या जिवाणूसाठी आयएस६११० हा डीएनए-तुकडा लोकप्रिय आहे, कारण एका जीनोममध्ये त्याच्या बऱ्याच प्रती असतात. पण दक्षिण भारतात त्याची एकही प्रत नसलेले वाण नोंदलेले आहेत. तिथे हा एकटा प्रायमर खोटा निगेटिव्ह देईल. कोविडच्या अल्फा प्रकारात एस जनुकातली ६९-७० ही दोन अमिनो आम्लं गळाली आणि काही किटमधला एस जनुकाचा संकेतच गेला. त्या किटमध्ये दुसरी जनुकं होती म्हणून निदान वाचलं.

मल्टिप्लेक्स, बायसल्फाइट, लांब तुकडे

मल्टिप्लेक्समध्ये (एकाच नळीत अनेक तुकडे) पाच जोड्या म्हणजे दहा प्रायमर, आणि डायमरच्या ५५ शक्यता. सगळ्यांचा टीएम २ अंशांत ठेवा, तुकड्यांत किमान ५० बेसजोड्यांचा फरक ठेवा. सगळे ०.२ मायक्रोमोलरने सुरू करून जोरकस जोडीचं प्रमाण कमी करा, अशक्त जोडीचं वाढवा.

बायसल्फाइटनंतर (मिथिलेशन, म्हणजे सी वरची मिथाइल खूण, ओळखायची प्रक्रिया) बहुतेक सी बदलून टी होतात, डीएनए तुटतो आणि दोन धागे एकमेकांना पूरक राहत नाहीत. एक धागा ठरवून त्याचेच प्रायमर घ्या, २६ ते ३० बेसचे. तुकडा ३०० च्या आत. मिथिलेशनप्रमाणे फरक करायचा असेल तर सीपीजी (सी नंतर लगेच जी अशी जागा) ३′ टोकाशी. सीक्वेन्सिंग करायचं असेल तर प्रायमरमध्ये सीपीजी नकोच. पाच हजार बेसजोड्यांच्या पुढे २५ ते ३५ बेसचे, टीएम ६५ च्या वरचे प्रायमर घेऊन ६८ अंशांवर अ‍ॅनिलिंग आणि वाढ एकत्र करा.

मागवणं, विरघळवणं, पहिली नळी

ऑलिगो ३′ कडून ५′ कडे बनतो. प्रत्येक पायरीला ९९ टक्के यश धरलं तर २० बेसच्या प्रायमरमध्ये ८३ टक्के रेणू पूर्ण, ६० बेसच्यात ५५ टक्केच. अर्धवट रेणूंचं ५′ टोक गायब असतं, म्हणजे नेमकी तुमची रिस्ट्रिक्शन साइट. साध्या पीसीआरला डिसॉल्टेड (फक्त मीठ काढलेला) चालेल. ४० बेसच्या पुढे एचपीएलसी किंवा पेजने शुद्ध केलेला घ्या.

नळी उघडण्याआधी एक मिनिट सेंट्रिफ्यूज करा, वाळलेला प्रायमर झाकणाला चिकटलेला असतो. लेबलवरच्या नॅनोमोलला दहाने गुणा, तेवढे मायक्रोलिटर टीई बफर घाला, १०० मायक्रोमोलर साठा तयार. २७.४ नॅनोमोलला २७४ मायक्रोलिटर. टीईमध्ये ईडीटीए ०.१ मिलिमोलरच ठेवा, जास्त असला तर मॅग्नेशियम बांधून घेतो. त्यातले १० मायक्रोलिटर ९० मायक्रोलिटर न्यूक्लिएजमुक्त पाण्यात, हा १० मायक्रोमोलरचा कामाचा साठा. तो लहान लहान नळ्यांत वाटून ठेवा.

पहिली चाचणी २५ मायक्रोलिटरची: दहापट बफर २.५, प्रत्येकी १० मिलिमोलर डीएनटीपी (चार सुटे बेस) ०.५, दोन्ही प्रायमर ०.५-०.५, टॅक ०.१२५, टेम्प्लेट १, बाकी पाणी. आठ नळ्यांचा ५२ ते ६४ अंश ग्रेडियंट आणि टेम्प्लेट नसलेली एक नळी लावा.

टेम्प्लेट नसलेल्या नळीत १०० च्या खाली धूसर पट्टा असेल तर डायमर. प्रायमर निम्मे करा, हॉट-स्टार्ट (गरम झाल्यावरच चालू होणारं) टॅक घ्या, तरी राहिला तर प्रायमर बदला. तिथे नेमक्या आकाराचा बँड असेल तर दूषितीकरण. कामाचा साठा आणि पाणी फेकून नवं घ्या, प्रायमर बदलून काही होणार नाही. बरेच बँड येत असतील तर तापमान दोन-दोन अंशांनी वाढवा. सगळ्या तापमानांना काहीच येत नसेल तर आधी रिव्हर्स प्रायमर ब्लास्टवर टाकून दिशा बघा, मग टेम्प्लेट दहापट आणि शंभरपट विरळ करून लावा. वनस्पतींच्या अर्कातले पॉलिफेनॉल असे विरळ केल्यावर आडवे येत नाहीत. जीसी ६५ टक्क्यांवर असेल तर ३ ते ५ टक्के डीएमएसओ घाला आणि दर टक्क्याला अ‍ॅनिलिंग सुमारे ०.६ अंशाने खाली आणा. डीएमएसओ घालून तापमान तेच ठेवलं, तर आधी येत होता तो पुसट बँडही जातो.